उधाणाच्या दिवशी खारेपाटात

तुमच्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिला असेल तो सहलीच्या एस.टी.तून उतरून. पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन, लाटेत पाय भिजवून, मुलांसाठी चार शिंपले खिशात टाकून परत. तसा समुद्र पाहण्यात काही वावगे नाही. पण आज मी तुम्हाला ज्या मुलखात नेणार आहे तिथला समुद्र असा लांबून पाहायचा नाही. तो रोज दोन वेळा शेताच्या बांधाशी येतो आणि आत शिरायला कुठे जागा आहे का, हे चाचपून परत जातो.

या मुलखाला म्हणतात खारेपाट. रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि अलिबाग तालुक्यांतला, धरमतर खाडीच्या कडेचा हा सपाट पट्टा. पेणकडून अलिबागला निघालात की वडखळ सोडल्यावर खाडीचा पूल लागतो. पुढे पोयनाडच्या नाक्यावर उतरायचे आणि शहाबाज, शहापूरच्या बाजूला वळायचे. डोंगर मागे राहतात आणि समोर ताटासारखी जमीन पसरते. पावसाळ्यात गेलात तर वाटेल, वा, काय हे हिरवे रान! पण जरा खाली उतरून पाहा. काही हिरवे भाताचे आहे आणि बरेचसे हिरवे भाताचे नाही.

वाटेत चरी गाव लागते. तिथे थोडे थांबाच. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे इथल्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असा संप केला होता. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा त्याला पाठिंबा होता. जमीन पडीक राहिली, माणसांनी लाकडे विकून, मासे धरून दिवस काढले, पण हटले नाहीत. पुढे कुळकायदा झाला त्यामागे या सहा वर्षांचा वाटा आहे. हे मी अशासाठी सांगतो की ज्या जमिनीसाठी माणसे सहा वर्षे अर्धपोटी राहिली, ती जमीन त्यांना काय मोलाची असेल याचा अंदाज तुम्हाला यावा.

आता ही जमीन मुळात आली कुठून? ती समुद्राकडून मागून घेतलेली आहे. खाडीच्या भरतीचे पाणी जिथवर पसरत असे तिथे जुन्या पिढ्यांनी मातीचे बांध घातले. खाडीकडचा मोठा बांध म्हणजे बाहेरकाठा आणि शेताकडचे लहान ते आतले काठे. बाहेरकाठ्यात जागोजाग उघाडी ठेवलेली असते. उघाडी म्हणजे झडपेची मोरी. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच झडप मिटते आणि खारे पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की शेतात साठलेले पावसाचे पाणी झडप ढकलून बाहेर निघून जाते. ना इंजिन, ना वीज. आपल्याकडे विहिरीवर मोटार बसवून आपण स्वतःला हुशार समजतो, पण ही युक्ती पाहिली की मान आपोआप खाली जाते. गोव्यात अशाच जमिनींना खाजण म्हणतात आणि तिथल्या झडपेच्या दाराला मानस. पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून तिथल्या गावकऱ्या ही व्यवस्था सांभाळत आल्या.

बांध झाला म्हणजे जमीन झाली असे नाही. तीन-चार पावसाळे पडून मातीतले मीठ धुऊन जावे लागते. क्षारपड म्हणजे काय हे कृष्णाकाठच्या ऊसवाल्यांना मी सांगायला नको. मीठ फुटलेल्या रानावर पांढरा थर कसा दिसतो ते त्यांना ठाऊक आहे. तिथे जादा पाण्याने खालचे मीठ वर आले, इथे मीठ समुद्रानेच आणून ठेवलेले. पावसाळ्यात ते धुतले जाते आणि उन्हाळ्यात जमीन तापली, भेगाळली की ओलाव्याबरोबर पुन्हा वर चढते. म्हणून इथे वर्षाला एकच हुकमी पीक, भाताचे. पहिल्या जोरदार पावसाने खार उतरली की चिखलणी करून मोड आलेले बियाणे फेकायचे. याला रहू म्हणतात. खारेपाटाला एके काळी भाताचे कोठार म्हणत, ते या एका पिकाच्या जोरावर. घरामागे गोड्या पाण्याचे तळे आणि त्यात जिताडा मासा. साहेब लोकांच्या घरी जिताडा पोचला की कागद लवकर हलतो, असा विनोद या भागात फार जुना आहे. मला कधी कोणी दिला नाही, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यासाठीच मी गेल्या वर्षी पुन्हा तिथे गेलो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी या भागात नोकरीला होतो. एका गावच्या बाहेरकाठ्याबद्दल गावकऱ्यांचा अर्ज आला होता की बांध खचत आहे, खेकड्यांनी बिळे पाडली आहेत, उघाडीची झडप नीट मिटत नाही. बांध माझ्या खात्याचा नव्हता, पण पीक-पाहणीला जाणारच होतो, तेव्हा पाहून शेरा लिही असे मला सांगितले गेले. मी गेलो एप्रिलमध्ये, दुपारी, मोटारसायकलवरून. बांध कोरडा खडखडीत. खाडी कुठे तरी लांब, चिखलाच्या पलीकडे. गुरे बांधावर चरत होती. मी लिहिले, बांध सर्वसाधारण सुस्थितीत. मी देशावरचा माणूस, आमच्याकडे नाला बांध पाहायचा तर असाच पाहतात. अर्ज पुढे एका कार्यालयात गेला आणि माझ्या शेऱ्यासह तिथेच राहिला. दुसऱ्या पावसाळ्यात बांधाला खांड गेली. खांड म्हणजे भगदाड. आधी बैलगाडी जाईल एवढी, मग चार दिवसांत ट्रक जाईल एवढी.

ज्या दिवशी मी बांध पाहिला त्या दिवशी अष्टमी होती, हे मला पुष्कळ नंतर समजले. समुद्राचे एक साधे गणित आहे, ते तुम्ही पाठ करून ठेवा, मुलांना सांगायला उपयोगी पडेल. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. तितक्या वाजता भरती पुरी होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा, आणि खाडीत आतवर पाणी चढायला आणखी वेळ लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे भरती सर्वांत मोठी. ते उधाण. अष्टमीच्या आगेमागे सर्वांत लहान, तो भांग. मी भांगाच्या दिवशी, तेही उन्हाळ्यात, बांधाची परीक्षा घेतली होती. पोहायला येते का हे एखाद्याला ओट्यावर बसवून विचारावे तसे.

म्हणून गेल्या वर्षी आषाढ अमावास्या धरून गेलो. दिव्यांची अवस. ज्यांच्या शेतात खांड गेली त्यांच्याच घरी गेलो. काका आता सत्तरीच्या पुढचे. मावशी अंगणात बसून पितळेच्या समया चिंचेने घासत होत्या. ओळख दिली, जुना शेराही आठवण करून दिला. मला वाटले रागावतील. काका हसले आणि म्हणाले, "तवा तुमी भांगाला आले होते, सायेब. उधानाला आले असते तं तुमचा कागद ओला झाला असता." एवढेच. त्या एवढ्यानेच मला पुष्कळ झाले.

अकराच्या सुमाराला आम्ही बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर जाऊन उभे राहिलो. पाऊस भुरभुरत होता. पहिल्यांदा काही विशेष वाटत नाही. लाट नाही, आवाज नाही. फक्त समोरचा चिखल कमी कमी होत जातो. मग पायाखालच्या बांधाची उतरण कमी होते. साडेअकराला पाणी खांडीतून आत वळले आणि ज्याला मी हिरवे रान समजत होतो त्याच्या मुळांत शिरले. ते भात नव्हते, तिवरांचे जंगल होते. काकांनी बोट दाखवले, "त्या मोठ्या तिवरापास्नं ह्या खांबापरत, दोन एकर. आमचा." साडेबाराला पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभर राहिले. माझ्या पायांना खाली माती थरथरते आहे असे वाटले. तो भासही असेल.

"सातबारा घरान हाय आन् शेत दर्यान," काका म्हणाले.

हे वाक्य तुम्ही नीट लक्षात घ्या, कारण खारेपाटाचे आजचे दुखणे त्यात पुरे येते. खांड गेली की खारे पाणी आत बसते. पाण्याबरोबर तिवराचे बी येते आणि चार-पाच वर्षांत शेतात कांदळवन उभे राहते. कांदळवन ही चांगली गोष्ट आहे. बांधाच्या बाहेर असेल तर लाटेचा जोर मोडते, माती धरते, मासळीची पिले सांभाळते. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडण्यास बंदी घातली आणि २०१८ च्या निकालाने ती पक्की केली, हे योग्यच झाले. पण बांधाच्या आत, वहिवाटीच्या शेतात उगवलेल्या तिवरालाही तोच कायदा लागू. शेतकरी तोडू शकत नाही, भात लावू शकत नाही, विकायला जावे तर घेणारा कपाळमोक्ष भाव सांगतो. बांध वेळेवर बुजवला असता तर तिवर उगवलेच नसते, ही काकांची तक्रार आहे आणि मला तिच्यावर उत्तर देता आले नाही. मला तर नाहीच.

पूर्वी बांध वेळेवर बुजत असे. कारण तो गावाचा होता. शेताच्या प्रमाणात घरटी माणूस द्यायचा, सगळ्यांनी मिळून खाडीतला चिकण गाळ कापून काढायचा आणि बांधावर थापायचा. याला इथे जोळ म्हणत. रात्री खांड गेली तर रात्रीच हाकारा होई, आणि पुढची भरती येण्याच्या आत, म्हणजे सहा तासांत, भगदाड बंद. पुढे १९४८ चा आणि मग १९७९ चा खारभूमी कायदा आला, बांध सरकारी योजनेत गेले. काही ठिकाणी चांगली दगडी कामे झाली, नाही असे नाही. पण बांध सरकारचा झाला तसा जोळ मोडला. तरुण पोरे कारखान्यांत आणि मुंबईला गेली. खाडीतून मोठ्या बार्ज ये-जा करू लागल्या आणि त्यांच्या लाटा बांधाच्या पायाला लागतात असे गावकरी सांगतात.

तेव्हा सगळा दोष समुद्राच्या माथी मारणे बरोबर नाही. तसे मी तुम्हाला सांगणारही नाही. पण समुद्रही पूर्वीचा राहिलेला नाही, हे तितकेच खरे आहे.

मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ सालापासून समुद्राच्या पातळीची मोजणी चालू आहे. जगभरच्या अशा मोजण्यांवरून शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये जो हिशोब मांडला तो असा की १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी २० सेंटिमीटरने चढली. म्हणजे जवळजवळ एक वीत. पहिली सत्तर वर्षे ती वर्षाला १.३ मिलिमीटरने चढत होती. २००६ नंतर तीच चढण वर्षाला ३.७ मिलिमीटर झाली. कारणे दोन. हवा तापली तसे समुद्राचे पाणी तापले आणि तापलेले पाणी फुगते. चुलीवर काठोकाठ भरलेले भांडे उकळण्याच्या आधीच सांडू लागते ना, तसे. दुसरे, डोंगरांवरचा आणि ध्रुवांकडचा बर्फ वितळून समुद्रात येतो आहे. या शतकाच्या अखेरीला, जगाने धूर फार जपून सोडला तरी, पातळी आणखी सुमारे एक ते पावणेदोन फूट चढेल आणि नाही जपले तर दोन ते सव्वातीन फूट, असा अंदाज आहे.

तुम्ही म्हणाल, वीतभर पाण्याने काय होते? आमच्या ओढ्याला पुरात पुरुषभर पाणी चढते. बरोबर आहे, पण ओढा दोन दिवसांत उतरतो. चढलेला समुद्र उतरत नाही. खारेपाटाची जमीन इतकी सपाट आहे की हजार फुटांना एक फूट उतार धरला तर एक वीत चढलेले पाणी आडवे दोनशे मीटर आत येते. शिवाय बांधाचा माथा आणि उधाणाचे पाणी यांत जे अंतर आमच्या आजोबांनी राखले होते, ते वीतभराने कमी झाले. जे पाणी वादळातच माथ्यावरून जाई ते आता जोरदार वाऱ्यातही जाऊ शकते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते समोरून गेले, हे तुम्हाला आठवत असेल.

तिसरी गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही आणि शेतीच्या दृष्टीने मला तीच जास्त टोचते. भरतीची पातळी चढली तशी ओहोटीचीही चढली. म्हणजे उघाडीची झडप पूर्वी जितका वेळ उघडी राही तितका आता राहत नाही. शेतातले पावसाचे पाणी बाहेर जायला वेळ कमी मिळतो. भात दोन-दोन दिवस जास्त बुडून राहते. मीठ धुऊन जायचे ते तिथेच मुरते. खांड न पडता, बांध शाबूत असताना, शेत हळूहळू नासते. त्याचा पंचनामा कोण आणि कोणत्या तारखेला करणार?

हे एकट्या खारेपाटाचे नाही. ओडिशात केंद्रपाडा जिल्ह्यात सातभाया नावाचे ठिकाण आहे. नावातच सात भाऊ, आणि खरोखरच सात गावांचा तो गट होता. बहुतेक गावे समुद्राने गिळली. उरलेल्या कुटुंबांना सरकारने आत बागपाटिया इथे जागा देऊन हलवले आणि २०१८ मध्ये त्यांची पंचुबाराही देवीही तिथे गेली. त्या देवीच्या पूजेचा मान बायकांकडे असतो, पुरुषांनी मूर्तीला हात लावायचा नाही अशी रीत. पण मूर्ती इतक्या जड की हलवताना पुरुषांचा हात लागलाच. देव उठवून न्यायची वेळ येणे म्हणजे काय, हे धरणात गाव गेलेल्या आपल्या कोयनेच्या माणसांना विचारा.

असो. खारेपाटात परत येऊ. मग पाणी उतरू लागले. गावाच्या दुसऱ्या अंगाला जो बांध अजून शाबूत आहे तिथल्या उघाडीपाशी आम्ही गेलो. झडप करकरली आणि आतले गढूळ पाणी बाहेर निघाले. तिथल्या शेतांत भात उभे होते. मी वाकून पाहिले, चांगले फुटवे होते. वाण विचारला तर पनवेल-३. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेले पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे वाण खाऱ्या जमिनीत तग धरतात. त्याआधी इथे रत्ता आणि काळा रत्ता हे जुने लाल भात होते. उतारा कमी, पण खारेपणाला भारी आणि पेजेला तर विचारूच नका. ज्यांच्याकडे अजून मूठभर काळा रत्ता असेल त्यांनी तो सोडू नये, असे मी जाता जाता सांगून आलो. बियाणे एकदा गेले की कोणत्याही कार्यालयात मिळत नाही.

तुमच्यापैकी जे किनाऱ्याच्या तालुक्यांत राहतात, त्यांना दोन शब्द. बांध पाहायचा तो उधाणाच्या दिवशी, भरती पुरी होण्याच्या वेळी, आणि एकट्याने नव्हे. खेकड्याचे बीळ दिसले की त्याच ओहोटीला चिकण गाळाने ठासून बुजवायचे. खांडीची सुरुवात बहुधा तिथूनच असते. बांधाबाहेरचे तिवर तोडू नका आणि बांधाच्या आत नवे रोप दिसले तर ते वाढून जंगल होण्याची वाट न पाहता लगेच तहसील कार्यालयाला आणि कृषी खात्याला लेखी कळवून विचारा. पोच घ्या. भात काढल्यावर पेंढा सगळा उचलू नका, थोडा जमिनीवर पसरून ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात मीठ कमी वर चढेल. जमिनीत गिरिपुष्पाचा पाला घाला. आणि घरामागे गोड्या पाण्याचे तळे असेल तर त्याची कड वीत-दोन वीत उंच करून घ्या. आजोबांनी घेतलेली उंची आता पुरत नाही.

संध्याकाळी घरी परतलो तेव्हा मावशींनी सगळे दिवे पाटावर मांडून ठेवले होते, मध्ये पिठाचे गोड दिवे. चहा झाला. काकांचा नातू पेणला शिकतो, तो आला होता. काकांनी मला बाजूला घेऊन एक सल्ला विचारला. दोन एकरांच्या सातबाऱ्यावर आता नातवाचे नाव चढवायचे आहे, तर चढवावे की नाही? पाण्याखालच्या जमिनीवर पोराचे नाव घालणे बरे दिसते का?

मी नोकरीत पुष्कळ सल्ले दिले आहेत, काही न विचारता दिले आहेत. या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिले नाही. मग म्हणालो, काका, नाव चढवा. बांध उद्या बुजला तर जमीन कोणाची हे कागदावर असले पाहिजे, आणि नाही बुजला तरी मागायला कोणी तरी उभे राहिले पाहिजे. मावशी तिकडून म्हणाल्या, "मीबी तेच सांगते यांना." नातू काही बोलला नाही. तो भिंतीवरची खूण मला दाखवत होता. दाराशेजारी जोत्यावर कोळशाच्या आडव्या रेघा, प्रत्येकीपुढे साल. सर्वांत वरची त्याने स्वतः ओढलेली. त्यात आजची नव्हती, कारण आज पाणी अंगणापर्यंत आले नव्हते. नारळी पौर्णिमेला पाहू, असे तो म्हणाला, आणि मी माझ्या डायरीत ती तारीख लिहून घेतली.